इंग्रिडसाठी जखमी पाहिजेत

आमच्या गावात कुणाचं काम अडलं की लोक आधी माझ्या दुकानात येतात आणि मग चर्चमध्ये जातात. फुशारकी मारत नाही, धंद्याचा गुण आहे. मी न्हावी. माणूस खुर्चीत बसला, गळ्याभोवती कापड आवळलं आणि वस्तरा कानाजवळ आला, की तो सहसा कशालाच नाही म्हणत नाही. या जोरावर मी आयोवातल्या आमच्या या एवढ्याशा गावात तीन लग्नं जुळवलीत आणि बेसबॉलच्या मैदानाला नवीन बाकं मिळवून दिलीत.

त्यामुळे माझ्या धाकट्या भावाची मुलगी इंग्रिड सुट्टीत घरी आली आणि तोंड पाडून माझ्या रिकाम्या खुर्चीत बसली, तेव्हा मला काळजी वाटली नाही. उलट हुरूपच आला.

"मार्क कमी पडले का?" मी विचारलं.

"मार्क चांगले आहेत, काका. पण मेडिकल कॉलेजला जायचं तर नुसते मार्क पुरत नाहीत. तिथे अर्ज करणाऱ्या सगळ्यांचेच मार्क चांगले असतात. ते विचारतात, वर्गाबाहेर काय केलंस? आजारी माणसांजवळ बसलीस का? डॉक्टर काम करताना जवळून पाहिलास का?"

"वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना जेवू घालतेस की."

"ते मला आवडतं म्हणून करते. माझ्या वर्गातला एकजण ग्वाटेमालाच्या दवाखान्यात राहून आला. एकीचे वडील हृदयाचे सर्जन आहेत, ती ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या शेजारी उभी राहते. माझे बाबा ट्रॅक्टर दुरुस्त करतात."

"आणि काका केस कापतो. मग अडलंय कुठे?"

ती हसली, पण तेवढ्यापुरतंच. अडलं होतं ते आमच्या हॉस्पिटलात. तिथल्या तातडीच्या विभागाच्या डॉक्टर ऑस्ट्रँडरबाईंकडे ती दोनदा गेली होती. मला तुमच्याबरोबर नुसतं उभं राहू द्या, म्हणाली होती. दोन्ही वेळा बाईंनी मान वर न करता सांगितलं होतं, "जागा नाही."

ऑस्ट्रँडरबाई माझ्याकडे केस कापत नाहीत. तिथेच घोडं पेंड खात होतं. पण अग्निशमन दलाचा प्रमुख गस ट्रॉमली कापतो, आणि तो त्याच आठवड्यात कुरकुरत आला. दर दोन वर्षांनी आमच्याकडे अपघाताचा सराव होतो. खोटा अपघात, खोटे जखमी, पण बंब, अॅम्ब्युलन्स आणि डॉक्टर खरे.

"या वेळी जत्रेच्या मैदानात बस उलटवायची आहे," गस म्हणाला. "बस मिळाली, पण जखमी कुठून आणू? ऑगस्टच्या उन्हात कोण येऊन झोपणार?"

मी वस्तरा त्याच्या कानामागे थांबवला. "डॉक्टर ऑस्ट्रँडर असणार का?"

"त्याच तर मुख्य आहेत."

"जखमी माझ्याकडून घे. फक्त त्यांची सगळी व्यवस्था माझी पुतणी बघणार. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांसमोर."

गस कबूल झाला. कान त्याचाच होता.

आता जखमी गोळा करणं म्हणजे तुम्हाला वाटेल फार अवघड. अवघड ते नव्हतंच. दिवसभरात हवे तेवढे मिळाले. अवघड होतं जखमा वाटणं. इंग्रिडने कार्डं आणली होती, प्रत्येकावर एकेक दुखापत. शनिवारी दुकानात सगळे जमले आणि पाचच मिनिटांत भांडण पेटलं. चर्चच्या गायनमंडळातल्या टिल्डा क्नुडसनबाईंना घोटा मुरगळल्याचं कार्ड आलं.

"घोटा?" त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी पहिल्या रांगेत उभी राहून गाते, आणि मला घोटा? त्या बँकेतल्या कारकुनाला डोक्याची जखम. त्याच्या डोक्यात जखम व्हायला आहे काय?"

शेवटी त्यांना डोकं दिलं आणि कारकुनाला घोटा. मेलेला मात्र एकच हवा होता आणि ती जागा ऑर्व्हिल ब्रेकीने पटकावली. ऑर्व्हिलचा गोठा मोठा आहे, वर्षातून एकदा आडवं व्हायला मिळतंय म्हटल्यावर त्याने ती संधी सोडली नाही. "मेल्यावर बोलायचं नाही, हलायचं नाही," मी त्याला बजावलं. "शब्द देतो," तो म्हणाला. ब्रेकींनी दिलेला शब्द मोडल्याचं गावात कुणी ऐकलेलं नाही. माझ्यासाठी मी पोट फाटल्याचं कार्ड ठेवलं होतं. आयोजकाला एवढा हक्क असतोच.

या गडबडीत इंग्रिड काय करत होती? ती एकेकाला कोपऱ्यात घेऊन बसत होती. कार्डाबद्दल नाही. तुम्हाला खरंच काय काय होतं? साखर आहे का, गोळ्या कुठल्या घेता, ऊन सोसतं का. लोक तिला सांगतही होते. टिल्डाबाईंनी तर आपल्या गुडघ्याचा जो इतिहास नवऱ्यालाही कधी ऐकवला नव्हता, तो तिला सांगितला. मी लोकांना खोटे आजार वाटत होतो आणि पोरगी खरे गोळा करत होती. तेव्हा मला वाटलं, वेळ फुकट घालवतेय.

"काका, रक्त मी मागवलंय," ती जाताना म्हणाली. "सरावाचं खास रक्त असतं, वासाचं नाही, चिकट नाही."

"परत पाठव. रक्त मी घरी बनवतोय."

"पण..."

"तू डॉक्टर व्हायचं बघ. रक्ताचं मी बघतो."

मक्याचा पाक, लाल रंग आणि घट्टपणासाठी थोडा चॉकलेटचा रस. बादलीभर केलं. इतकं झकास झालं की मी पावाला लावून खाल्लं, बायकोने आइस्क्रीमवर घेतलं.

सरावाच्या दिवशी मैदान तव्यासारखं तापलं होतं. बस कुशीवर पडलेली, आम्ही तिच्याभोवती विव्हळत पसरलेलो. आयोजक या नात्याने मी प्रत्येकावर स्वतःच्या हाताने रक्त ओतलं होतं, आणि हात आखडता घेतला नव्हता. ऑर्व्हिल तर जेलीतल्या चेरीसारखा दिसत होता. गसने भोंग्यावरून सांगितलं, "कुणाला खरंच काही झालं तर ‘खरोखर’ असं तीनदा ओरडा. सराव तिथेच थांबेल. बाकी काहीही झालं तरी सोंग सोडायचं नाही."

इंग्रिड पाण्याची बादली आणि कागदी पेले घेऊन आमच्यातून फिरत होती. पलीकडे ऑस्ट्रँडरबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं.

मग पहिली गांधीलमाशी आली.

जत्रा नुकतीच संपलेली. कचऱ्याच्या पिंपांत लिंबू-सरबताचे पेले आणि साखरेच्या पाकात बुडवलेली लाल सफरचंदं सडत पडलेली. गावातल्या यच्चयावत गांधीलमाश्या तिथे मुक्कामाला होत्या. त्यांना माझ्या पाकाचा वास गेला. त्या पिंपं सोडून आमच्याकडे वळल्या, जेवणाची घंटा झाल्यासारख्या.

टिल्डाबाई किंचाळल्या. बँकेतला कारकून मुरगळलेल्या घोट्यानिशी मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत धावत गेला. नवे अग्निशमनवाले थक्क होऊन बघत राहिले. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "काय झकास सोंग वठवतात रे ही माणसं."

मी सोंग सोडलं नाही. फाटलेल्या पोटावर चार माश्या बसल्या, तरी मी पडून होतो. पण पाचवी पँटच्या पायातून आत शिरली आणि वर चढू लागली. माणसाने किती सोसावं? मी ओरडलो, "खरोखर, खरोखर, खरोखर!"

सराव थांबला. भोंगा वाजला. ऑस्ट्रँडरबाई बॅग घेऊन माझ्याकडे धावल्या, दोघांनी माझे खांदे दाबून धरले, तिसऱ्याने एक अक्षर न विचारता लांब कात्रीने माझी पँट घोट्यापासून कमरेपर्यंत चिरली. माशी उडाली. सगळं गायनमंडळ बघत होतं.

"हे?" बाईंनी विचारलं.

"ती... वर चालली होती," मी म्हणालो.

गस माझ्यावर वाकला. त्याचा चेहरा बंबापेक्षा लाल झाला होता. "रोलँड, माशीसाठी तू अख्खा जिल्हा थांबवलास. यापुढे ‘खरोखर’ म्हणणाऱ्याने खरोखर मरायला टेकलेलं असावं." मग त्याने भोंगा उचलला. "सराव पुढे चालू!"

मी लाल चड्डीवर, म्हणजे ती पाकाने लाल झालेली होती, पडून आभाळाकडे बघू लागलो. तेवढ्यात बादली आदळल्याचा आवाज आला. मान वळवली तर इंग्रिड मेलेल्या ऑर्व्हिलजवळ गुडघे टेकून बसली होती.

ऑर्व्हिलच्या अंगावर काळी पट्टी होती. काळी पट्टी म्हणजे मेलेला, त्याच्यावर वेळ घालवायचा नाही, म्हणून अॅम्ब्युलन्सवाले त्याला ओलांडून येत-जात होते. आणि त्या शब्दाच्या पक्क्या माणसाने खरंच कूसही बदलली नव्हती. मानेवर दोन डंख बसले, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, तरी तो मेलेलाच होता.

"खरोखर, खरोखर, खरोखर," इंग्रिड ओरडली.

गसने भोंगा खालीही ठेवला नाही. "त्या लिंडक्विस्ट काका-पुतणीला कुणीतरी आवरा रे!"

मी उठलो. मला ओरडायचं होतं, पण माझ्या ओरडण्याची काय किंमत उरली होती ते चिरलेल्या पँटवरून दिसतच होतं. इंग्रिडने वाद घातला नाही. ती रडली नाही. तिने शेजारच्या टिल्डाबाईंना एवढंच म्हटलं, "यांना बसतं करा, आडवं होऊ देऊ नका," आणि ती मैदानातून सरळ धावत गेली. जिने दोनदा मान वर केली नव्हती त्या बाईचा तिने दंड धरला.

"डॉक्टर, तो मेलेला माणूस गुदमरतोय. मागे गोठ्यात एक माशी चावली तेव्हा त्याचा हात खांद्यापर्यंत सुजला होता. त्याने मला स्वतः सांगितलंय. आता मानेला चावल्यात. प्लीज, चला."

बाईंनी तिच्याकडे एकदाच बघितलं आणि धावल्या. अॅम्ब्युलन्समधून औषध आलं, मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडाला प्राणवायू लावला. कुणी विव्हळत नव्हतं. डोक्याला जखम झालेल्या टिल्डाबाई ऑर्व्हिलला पाठीमागून धरून बसल्या होत्या, आणि इंग्रिड त्याचा हात हातात घेऊन हळूच सांगत होती, "ऑर्व्हिल, आता सोंग सोडलंत तरी चालेल. माझ्याकडे बघा. श्वास घ्या." ती कसलं औषध देत नव्हती, द्यायचा तिला अधिकारही नव्हता. पण तो तिच्याकडे बघत श्वास घेत होता. बघता बघता शिट्टी खाली आली.

बोलता येताच तो मला म्हणाला, "रोलँड, मी हललो नाही."

"नाही हललास," मी म्हणालो.

त्याला अॅम्ब्युलन्समध्ये चढवलं. इंग्रिड मागे सरकून उभी राहिली, कपड्यांवर माझा पाक. "काका, मी सगळ्यांसमोर डॉक्टरांना ओढत आणलं. आता संपलंच माझं," ती पुटपुटली.

ऑस्ट्रँडरबाई आत चढता चढता थांबल्या. "तू. तो शुद्धीत राहतोय तो तुझा आवाज ऐकून. चढ."

"तुमच्याकडे जागा नाही म्हणाला होतात," माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी माझ्याकडे, मग माझ्या पँटकडे बघितलं. "या मुलीला आहे," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर इंग्रिड दोन वर्षं, कॉलेज सांभाळून, प्रत्येक शनिवारी त्यांच्या विभागात उभी राहिली. काय शिकतेस, विचारलं की म्हणायची, "बाई पेशंटला आधी काय विचारतात ते ऐकते." वृद्धाश्रमही तिने सोडला नाही. मुलाखतीत तिला त्या मैदानातल्या प्रसंगाबद्दल विचारलं, तेव्हा तिने ऑर्व्हिलच्या सहनशक्तीचंच कौतुक केलं म्हणे. रक्ताबद्दल ती एक शब्दही बोलली नाही. या वसंतात तिला मेडिकल कॉलेजचा होकार आला. तिने तो वाचून दाखवला तसा माझा भाऊ ट्रॅक्टरखालून बाहेर आला आणि तेलकट हातांनीच तिला मिठी मारली. माझं म्हणाल तर मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो एकाच गोष्टीचा. त्या मैदानात सगळे दिसेल त्याला पेशंट समजत होते. माणूस तिला एकटीलाच दिसत होता.

यंदा पुन्हा सराव आहे. परवा गस केस कापायला आला. गेल्या खेपेचं सगळं विसरून मी मोठ्या मनाने म्हणालो, "जखमी लागतील ना? मी स्वतःही येतो. मिळेल ती भूमिका करीन."

"तुझ्यासाठी ठेवलीय एक," गस म्हणाला.

"कुठली?"

"त्या दिवशी बहिणीकडे नेब्रास्काला गेलेला माणूस."

मी कापड झटकलं. तिकिटाचे पैसे दलातर्फे मिळणार आहेत.