कुटुंब क्रमांक एकशे बारा

पाहणीवाल्या बाईंनी घड्याळजींना कागदावर मारलं, त्याला कारण चार जिने. त्याच कुटुंबांना दर दोन वर्षांनी तेच प्रश्न विचारायचे आणि माणसांचं आयुष्य कसं बदलतं ते टिपायचं, अशी ही पाहणी. पण बाईंच्या गुडघ्यांना ती मान्य नव्हती. गेल्या तीन फेऱ्या त्यांनी खालच्या पायरीवर बसूनच उरकल्या. पहिल्या फेरीत घड्याळजींचं दुकान बंद पाडलं. दुसऱ्या फेरीत त्यांच्या बायकोला कायमचं मुलीकडे धाडलं, तेवढीच तिच्याबद्दलची चार पानं भरायची वाचली. यंदा तर कटकटच नको म्हणून लिहिलं, 'मयत'.

नेमकी त्याच नोंदीची तपासणी निघाली! खोटं उघडं पडलं तर नोकरी जाणार. साहेब अकराला येणार म्हणून बाई दहालाच धापा टाकत वर पोचल्या.

"घड्याळजी, तासभर कुठेतरी फिरून या ना. पाया पडते तुमच्या!"

"अरे वा, बाई! सहा वर्षांनी?" घड्याळजी हरखले. "बसा. चहा मात्र मिळणार नाही हं. आमची ही दोन वर्षं मुलीकडेच आहे. भांडण नाही, तंटा नाही. एका सकाळी पिशवी भरली नि निघाली. त्याआधी दुकानाचंही तसंच. चांगलं चाललेलं, मीच कुलूप घातलं. का, ते मलाच ठाऊक नाही."

बाईंना आपले आधीचे दोन्ही फॉर्म आठवले. "आणि... आता तब्येत?"

"ठणठणीत! पण सोमवारपासून मला कुणी ओळखच देत नाही. शेजारीण काल पायावर पाय देऊन गेली, वळूनसुद्धा बघितलं नाही."

सोमवारीच बाईंनी फॉर्म पाठवला होता.

साहेब आले तशी बाईंना रडूच फुटलं. नोकरी गेली खड्ड्यात, जिवंत माणूस मारल्याचं पाप कोण डोक्यावर घेणार! "साहेब, मी थापा लिहिल्या. हे बघा, बसलेत इथे!"

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "कोण बसलंय? दम लागून डोकं फिरलं की काय तुमचं?" त्यांनी 'नोंद बरोबर' असा शेरा मारला आणि टेकायला त्याच खुर्चीकडे वळले. घड्याळजी टुणकन उठले.

"बाई, अहो, माझं काय?"

बाई या कामात मुरलेल्या. बंद झालेल्या कुटुंबाच्या जागी त्याच इमारतीतलं नवं कुटुंब घ्यायचं, असा नियमच होता. त्यांनी कोरा फॉर्म काढला आणि घड्याळजींचं नाव लिहिलं.

"अरेच्चा!" साहेब दचकले. "हे गृहस्थ कधी आले?"

"आत्ताच," बाई म्हणाल्या. "हं, व्यवसाय?"

"घड्याळांचं दुकान. चालू लिहा." घड्याळजींच्या खिशात किल्ल्या खुळखुळल्या.

"घरात माणसं किती?"

घड्याळजींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "दोन लिहा हो, बाई. दोन."

बाईंनी दोन लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळी पानं नीट भरायला घेतली. तोच स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

"अहो," आतून बायकोचा आवाज आला, "चहा किती जणांचा टाकू?"