नयनाच्या सहीचा डबा

नयनाने घरातली साखर हद्दपार केली, तेव्हा तिचे सासरे उमाकांत दारात उभे राहून, गाडी सुटताना नातेवाइकाकडे बघावं तसे त्या डब्याकडे बघत होते.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"कोणी पाहुणे आले तर?"

"बाबा, हल्ली पाहुण्यांनाही शुगर असते."

साखरेचा डबा त्यांचा मुलगा, म्हणजे नयनाचा नवरा ऋतुराज, तिसऱ्या मजल्यावरून खाली तळमजल्यावरच्या सोयराबाई अक्कांकडे घेऊन गेला. तो डबा म्हणजे सासूबाईंच्या लग्नातल्या जोडीतला एक. भला मोठा, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. जोडीतला दुसरा फडताळात एकटाच राहिला.

नयनाला हे सगळं हौसेने सुचलेलं नव्हतं. सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या होत्या आणि जाताना रिक्षात बसता बसता म्हणाल्या होत्या, "मी येईन तेव्हा यांच्या शुगरचा आकडा मला खाली दिसला पाहिजे. तुझ्यावर सोडून चाललेय." त्याच आठवड्यात डॉक्टरांनी उमाकांतांना सांगितलं, "गोड बंद, नारळ कमी, रोज चाळीस मिनिटं चालायचं. महिन्याने रक्त तपासू. आकडा खाली आला नाही तर इन्सुलिन. रोज सुई."

उमाकांतांनी कानडी मुलखात, इंदिरानगरच्या या घरातून जाऊन-येऊन, विमानाच्या कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली होती. इन्स्पेक्शन खात्यात. इंजिनाच्या पोटात शिरून ते एकेक स्क्रू तपासायचे. पण नातीला, वेदिकेला, लस टोचायची वेळ आली की ते आधीच दवाखान्याबाहेर जाऊन नारळपाणीवाल्याशी कन्नडमध्ये गप्पा मारत बसायचे. सुईचं नाव काढल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की नयनाने तिथेच ठरवलं, सुई येऊ द्यायची नाही.

नयनाचा साधनांवर फार विश्वास. साधन चांगलं असलं की सवय आपोआप लागते, असं तिचं मत. म्हणून तिने आधी बाबांना पावलं मोजणारं घड्याळ आणलं. पहिल्या दिवशी चार हजार पावलं, दुसऱ्या दिवशी पाच हजार. नयनाने कौतुकाने नाशिकला फोन केला. तिसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीत डोकावली, तर बाबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते आणि घड्याळाचा हात वेदिकेचा पाळणा हलवत होता.

"बाबा!"

"अगं, मी कुठे काही म्हणालो? ते घड्याळच म्हणतंय."

तेव्हापासून त्या घड्याळाची घरातली पत गेली.

दुसरं साधन मात्र फत्ते झालं होतं. ती होती नारळाची खवणी. वेदिकेला कडेवर घेऊन शिवाजीनगरच्या गर्दीत भांड्यांच्या एका अरुंद दुकानातून नयनाने ती शोधून आणली होती. खालचा खटका दाबला की ओट्याला जळूसारखी चिकटायची. नारळाची वाटी धरायची आणि मूठ फिरवायची. मिनिटभरात ताटलीत पांढराशुभ्र ढीग. विळी नको, बोटं सोलणं नको. पोर झोपलं की त्या दहा मिनिटांत नयना कधी कधी गरज नसताना नारळ फोडायची, नुसत्या मूठ फिरवण्याच्या सुखासाठी.

ही कीर्ती खाली पोचायला वेळ लागला नाही. वरमहालक्ष्मीच्या सणाच्या आदल्या दिवशी अक्कांचा फोन आला. अक्कांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखातून इकडे आलेलं आणि त्यांची मराठीही तेव्हापासून इथलंच पाणी प्यालेली. "नयना, तुझी ती खवणी एक दिवस दे की गं. स्वल्प काम आहे." खवणीचे दाते धारदार. म्हणून नयनाने ती जोडीतल्या दुसऱ्या डब्यात घालून पाठवली.

तिसऱ्या दिवशी ऋतुराजने खालून दोन्ही डबे आणले. एकात खवणी होती. दुसऱ्यात वीस काई होळिगे. म्हणजे ओल्या नारळाच्या, तुपात न्हालेल्या, वेलचीच्या वासाच्या पोळ्या.

"अक्का, हे काय हो?" नयनाने फोनवर विचारलं.

"मग डबा रिकामा द्यायचा का? तुझीच साखर, तुझ्याच खवणीचं खोबरं. माझं फक्त तूप!"

"पण तुम्ही नाही खाल्ल्या?"

"बेडा, नकोच गं बाई. आमच्यात दोघांनाही शुगर. आम्ही वास घेतला, सरी, झालं."

म्हणजे हद्दपार केलेली साखर नारळ घेऊन परत आली होती. ठेवावी, तर बाबांचं नाक अजून इन्स्पेक्शन खात्यातलंच. टाकावी, तर अन्न. नयनाने ठरवलं, पहिल्या मजल्यावरच्या चंदनाला देऊन टाकायच्या. इतक्यात वेदिकेने बाथरूममधली बादली अंगावर ओतून घेतली. नयना धावली, तिला पुसलं, कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने एका डब्यावर दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी आडवी-उभी लावून वर सही ठोकली. दुसरा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या खणात ढकलला. डॉक्टरांनी नारळ कमी करायला सांगितलाच होता. राहू दे खवणी महिनाभर तिथे.

इथेच चूक झाली. डबे जुळे होते, आणि अकरा किलोंचं पोर कडेवर असताना दुसऱ्या हातातलं काहीही जडच लागतं.

"हे चंदनाकडे द्याल, बाबा? तेवढेच दोन जिने चालणं." इमारतीला लिफ्ट नव्हती आणि बाबा पंधरा दिवसांत खाली उतरले नव्हते.

उमाकांतांनी पट्टी निरखली. "माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. होळिगेवर नाही."

"मग सही अशी कोपऱ्यात नाही करायची. जोडावर. अर्धी झाकणावर, अर्धी डब्यावर. हं. आता बरोबर. चौतीस वर्षांत मी दुसऱ्याचं सील तोडलेलं नाही."

ते पिशवीत डबा घालून गेले आणि पाऊण तासाने परतले. "चंदनाने बसवलंन. ताक दिलं. मीठ-जिऱ्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच चप्पल शोधू लागले. "येतो जरा. चंदनाला चौथ्या मजल्यावर काहीतरी पाठवायचंय." त्याच्या दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर. मग अक्कांचा कढीपत्ता चौथ्या मजल्यावर, तिथलं मासिक पहिल्यावर. सकाळी एक फेरी, संध्याकाळी दोन. घड्याळ सहा हजार म्हणू लागलं, मग आठ, एका रविवारी दहा.

"बाबा सिस्टीम हॅक करतायत," ऋतुराज लॅपटॉपवरून डोकं न काढता म्हणाला. "घड्याळ पंख्याला बांधलं असणार."

नयनाची शंका याहून भयंकर होती. बाबा घामाघूम होऊन परत यायचे, पण गाणं गुणगुणत. दोन जिने उतरून यायला तास कसा लागतो? सणांचे दिवस. प्रत्येक घरात काहीतरी शिजत असणार. कोणीतरी आग्रह करत असणार.

"बाबा, खरं सांगा. खाल्लंत ना काहीतरी?"

"नाही गं."

"मग एवढा आनंद कशाचा?"

ते वेदिकेला खांद्यावर घेऊन बाल्कनीत गेले. नयनाची खात्रीच पटली. तिला रात्रंदिवस डॉक्टरांची सुई दिसू लागली, आणि सुईमागे सासूबाईंचा चेहरा.

बघता बघता महिना झाला. शनिवारी रक्त द्यायचं, रविवारी सासूबाई येणार. शुक्रवारी सकाळी नयनाला वाटलं, दुसरं काही जमलं नाही तरी निदान सासूबाईंसाठी सोलकढीचं खोबरं खवून ठेवू, त्यांना ती आवडते. तिने स्टुलावर चढून वरच्या खणातला डबा काढला. झाकण उघडलं आणि तशीच स्टुलावर बसली. आत खवणी नव्हती. वीसच्या वीस होळिगे होत्या आणि त्यांना हिरवी दाढी आली होती.

तिने चंदनाला फोन लावला. चंदना हुबळीची, कोरमंगलात नोकरी करणारी, अंड्याचं पांढरं सोडून दुसरं काही न खाणारी.

"चंदना, मी तुला महिन्यापूर्वी डबा पाठवला होता ना? त्यात काय होतं?"

"स्वीट्स ना? सॉरी दीदी, मी उघडलाच नाही. माझं डाएट आहे. रघुनंदन सरांना पाठवला. तुम्ही परत पाठवला, मी परत पाठवला. तीनदा!"

"मी एकदाच पाठवला होता."

"मग दर आठवड्याला तुमची सही कशी?"

चौथ्या मजल्यावरचे रघुनंदन सर गणिताच्या शिकवण्या घेत. ते म्हणाले, "मी दात काढून घेतलेत दोन. मला गोड वर्ज्य. अक्कांकडे रवाना केला, दर वेळी तत्काळ."

अक्का म्हणाल्या, "आला की! चार वेळा आला. मी यांना म्हटलंसुद्धा, काय पोर आहे बघा, स्वतः साखर सोडली आणि लोकांना दर आठवड्याला गोड पाठवते! आम्हाला चालत नाही, म्हणून मी चंदनाकडे..."

"अक्का, कोणी उघडला का नाही?"

"सील होतं गं! खायचंच नाही तर उघडून कशाला खराब करायचं?"

नयनाने फोन ठेवला. चार मजल्यांच्या त्या इमारतीत एक खवणी महिनाभर मिठाई म्हणून फिरत होती. कोणी खात नव्हतं, कोणी नाकारत नव्हतं, आणि नेणारा-आणणारा...

दारात धाप लागल्याचा आवाज आला. उमाकांत उभे होते. हातात पिशवी.

"पाणी दे गं जरा. अक्कांकडून निघालोय, चंदनाकडे कोणी दार उघडेना."

नयनाने पिशवीतून डबा काढला. कळकट झालेली पट्टी, जोडावर सही. अर्धी झाकणावर, अर्धी डब्यावर. एक टोकही सुटलेलं नव्हतं. तिने नखाने ती फाडली. आत खवणी, जशीच्या तशी, दात्यांत वरमहालक्ष्मीचा खोबऱ्याचा एक कण वाळून बसलेला.

उमाकांतांनी ती बघितली आणि कधी नव्हे ते नजर चुकवून पाणी प्यायले.

शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. नयनाने तो तीनदा वाचला, मग ऋतुराजला वाचायला लावला, कारण तिला अक्षरं दिसेनात. डॉक्टरांनी खाली लिहिलं होतं: उत्तम. इन्सुलिनची गरज नाही. जो व्यायाम चालू आहे तोच ठेवा.

"सॉरी, बाबा," ती म्हणाली. "मी तुमच्यावर संशय घेतला. आणि तुम्ही बिचारे महिनाभर होळिगे समजून ते लोढणं वर-खाली..."

"होळिगे समजून?" उमाकांत दुखावल्यासारखे झाले. "नयना, चौतीस वर्षं मी काय झोपा काढल्या? पोळ्या डब्यात सरकतात, वाजत नाहीत. हे पहिल्याच जिन्यावर खणकन वाजलं. मूठ डाव्या बाजूला आहे हेसुद्धा मला कळलं."

"तुम्हाला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीत?"

वेदिका त्यांच्या मांडीवर बसून घड्याळाचा पट्टा चावत होती. ते हळूहळू तिच्या तोंडातून पट्टा सोडवत राहिले.

"सांगितलं असतं तर डबा घरी आला असता," ते म्हणाले. "तुझी सासू नाशिकला. ऋतू दिवसभर त्या लॅपटॉपशी बोलणार. तू या पोरीच्या मागे, तुला जेवायला सुचत नाही, गप्पा कुठून सुचणार? आणि वर-खाली चार माणसं होती. ताक देणारी, बस म्हणणारी. पण नुसतं कोणाच्या दारात जाऊन कसं उभं राहायचं गं? हातात काहीतरी लागतं."

नयनाने उठून दोन वाट्या ताक आणलं, मीठ-जिऱ्याचं, आणि त्यांच्याजवळ जमिनीवर येऊन बसली. स्वयंपाकघरात नारळ तसाच राहिला. तासभर दोघं बोलत होती, बहुतेक इंजिनांबद्दल.

रविवारी सासूबाईंची गाडी दुपारी यायची होती. सकाळीच नयनाने नारळ खवला, खवणी धुतली, पुसली, डब्यात ठेवली. वर नवी पट्टी लावली. जोडावर सही केली. मग चौथ्या मजल्यावर फोन केला.

"सर, डबा येतोय. उघडू नका."

"मग करू काय त्याचं?"

"बाबांना बसवून घ्या. संध्याकाळी अक्कांकडे पाठवा."

उमाकांत चप्पल घालून तयार होते. त्यांनी पिशवी उचलली, दोन पायऱ्या चढले, थांबले. हात खाली-वर करून त्यांनी अंदाज घेतला आणि परत आले.

"काय झालं, बाबा?"

"एक नारळ टाक गं आत," ते पिशवी पुढे करत म्हणाले. "आता हे हलकं वाटायला लागलंय."