नानांच्या मॅडमसाहेब

माझ्या मुलीच्या लग्नात पहिली पंगत बसली ती बँडवाल्यांची! व्याही ताटकळत उभे, मी लाजेनं अर्धमेली, आणि आमचे शेजारी सुभेदार नाना मठ्ठ्याची बादली घेऊन बँडवाल्यांना वाढताहेत. व्याह्यांनी डोळे वटारले तर म्हणाले, "ज्यांनी घाम गाळला ते आधी. मॅडमसाहेबांचा नियम शे."

नाना मूळचे पारोळ्याचे. फौजेत ट्रकांच्या ताफ्यावर आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर जळगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहिले. नोकरीची शेवटची तीन वर्षं त्यांची साहेब एक बाई होती. तीच ही मॅडमसाहेब. गल्लीत तिला कोणी पाहिलेलं नाही, पण तिच्या नियमांतून कोणाची सुटका नाही. रिक्षात बसलात तर आधी रिक्षावाल्याचं नाव विचारा. मोलकरणीला रागवायचं तर चारचौघांत नाही, बाजूला घेऊन. माझा आवाज जरा चढला की भिंतीपलीकडून नानांचं खाकरणं ऐकू येतं. अहो, माझंच घर, आणि मीच दबकून बोलायचं!

गंमत म्हणजे, ती बाई रुजू झाली त्याच आठवड्यात हेच नाना बदलीचा अर्ज घेऊन गेले होते. बाईच्या हाताखाली? आपण? तर तिनं विचारलं, "सुभेदारसाहेब, घरी वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का?" आठ दिवसांत तिनं प्रत्येक ड्रायव्हरचं घरदार पाठ केलं होतं. अर्ज खिशातच राहिला. "वरडे नही, पन इसरे बी नही," नाना सांगतात.

म्हणून गेल्या महिन्यात त्यांची नात धनश्री फौजेत अधिकारी म्हणून निवडली गेली, तेव्हा मी पेढे घेऊनच गेले. घरात तर सुतक पडल्यासारखं! नानांनी नकार दिला होता आणि त्यांच्या शब्दाबाहेर ते घर जात नाही. सोमवारी हजर व्हायचं होतं. पोरीचे डोळे रडून सुजलेले.

माझं डोकंच फिरलं. "नाना, शोभतं का हे? लोकाच्या लेकीचे गोडवे गाता आणि घरच्या पोरीला खोडा घालता?"

नानांनी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाले, "ताई, मॅडमसाहेबांची आई महिनाभर दवाखान्यात व्हती. सुट्टीच्या यादीत त्यांनी आमची नावं वर घातली, सोताचं शेवटी. आमाले कळलं ते आई गेल्यावर. मी रोज सकाळी त्यांच्यासमोर उभा. मन्ह्या बायकोचा गुडघा त्यांना ठाऊक, अन् मी एकदाबी इचारलं नही, मॅडम, तुमना घर बठ्ठं ठीक शे ना?" त्यांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "ही पोर बी तशीच. सगळ्यांचं करत बसेल. तिचं कोन करी?"

धनश्री दारात उभी राहून ऐकत होती. येऊन त्यांच्या पायाशी बसली. "नाना, तुम्ही करा ना."

मला तर हुंदकाच आला. नानांनी नाक पुसलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "फोन कधी करता येई?"

"रविवारी. संध्याकाळी सहाला."

"मंग जाय. तू सगळ्यास्नी काळजी ले. तुनी काळजी मी लिसू."

आता दर रविवारी नाना इस्त्रीचा सदरा घालून चार वाजल्यापासूनच फोनपाशी बसलेले असतात.