शेंडेभाऊंचं ‘येऊ का?’

आमचे शेंडेभाऊ स्वतःच्या घरात शिरताना आधी कडी वाजवतात. कुलूप त्यांनीच लावलेलं, किल्ली त्यांच्याच खिशात, आत चिटपाखरू नाही. तरी दोनदा कडी वाजवून "येऊ का?" विचारतात, जरा थांबतात आणि मग कुलूप काढतात. नवखा माणूस हे पाहून चक्रावतो. हिंदी मुलखातल्या बालाघाट गावच्या आमच्या गल्लीला मात्र त्याची सवय झाली आहे.

सवय झाली म्हणजे पटलं, असं नव्हे. आमच्याकडे दिवसा कुणाचं दार बंद नसतं. माणूस "चाय मांडली का?" म्हणत थेट स्वयंपाकघरात येतो. अशा ठिकाणी "येऊ का?" विचारणारा थोडा सरकलेलाच वाटणार.

शेंडेभाऊ माझ्या गल्लीतले आणि माझ्याच ऑफिसातले. ऑफिस म्हणजे धान्याच्या दुकानावरच्या माडीत मांडलेली पाच टेबलं. परसवाडा-बिरसाकडच्या धानाच्या शेतांचे फोटो आमच्याकडे येतात. कुठल्या बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, रोग आहे याचा हिशोब दूर कुठेतरी भाड्यानं घेतलेले, एकमेकांना जोडलेले मोठे कंप्युटर करतात, आणि तयार झालेला नकाशा आम्ही पुण्याच्या एका कंपनीला पाठवतो. त्या कंप्युटरांत इथून शिरायला पासवर्ड चालत नाही, ‘की’ लागते, म्हणजे कंप्युटरची किल्ली. तिचा एक भाग आपल्याकडे, जोडीचा भाग तिकडच्या यादीत. जोडी जुळली की प्रवेश. जुळली नाही की शेंडेभाऊ.

भाऊ यंत्रालासुद्धा "येऊ का?" विचारून मगच बटण दाबतात. यंत्र नाही म्हणालं की आम्ही पुन्हा पुन्हा तेच बटण बडवतो. भाऊ बडवत नाहीत. "दारासंग भांडू नोका. दार का म्हणते, ते आयका," असं म्हणून ते आज्ञेत एक अक्षर वाढवतात. मग यंत्र नुसतं नाही म्हणायचं सोडून काय काय घडलं ते सविस्तर सांगू लागतं. सासरहून आलेल्या लेकीचं ऐकावं तसं भाऊ ते सगळं ऐकून घेतात.

त्यांचं दुसरं खूळ म्हणजे त्यांचा कंप्युटर कधीच बंद होत नाही. त्यावर तिकडच्या यंत्रात शिरलेली एक खिडकी कायम उघडी असते. दार कधी रुसेल याचा नेम नाही, म्हणून एक खिडकी उघडी असावी, हा त्यांचा हिशोब. आमचे मालक कटरेसाहेब विजेच्या बिलावरून यासाठी त्यांच्याशी सतत भांडत.

त्या दिवशी भाऊ भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, किरनापुरला गेले होते, आणि नेमका त्याच दिवशी पाचच्या आत नकाशा जायचा होता. यंदा उशीर झाला तर काम पुण्यातच करून घेऊ, असं कंपनीनं स्पष्ट सांगितलं होतं. काम गेलं की ऑफिस गेलं, आणि ऑफिस गेलं की मला आईला एकटं टाकून पुन्हा पुणं गाठावं लागणार. तिथून मोठ्या मुश्किलीनं मी परत आले होते. नकाशा रात्रीच तयार होऊन तिकडे पडला होता, आणि सकाळपासून आम्हाला कुणालाच आत शिरता येत नव्हतं.

कटरेसाहेबांनी नवी की बनवली. मग आणखी एक बनवली. नवी की यादीत घालायला आधी आत जावं लागतं, हे तिसरी बनवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग ते म्हणाले, "सब बंद करो, फिरसे चालू करो," आणि भाऊंच्या कंप्युटरच्या बटणाकडे वळले. मी भाऊंना फोन लावला. बसच्या खडखडाटातून आवाज आला, "मी येऊन राह्यलो, सुषमा. माह्या कंप्युटरले कोनाले हात लावू देऊ नोको."

मी खुर्ची ओढली आणि त्या बटणाला पाठ लावून बसले. डबाही तिथेच खाल्ला.

तीन वाजून गेल्यावर भाऊ आले. कपाळावर कुंकवाचा टिळा, हातात बुंदीची पुडी. काल कुणी काय केलं, हे त्यांनी एकेकाला विचारलं. कुणीच काही केलेलं नव्हतं. माझ्या कंप्युटरवरून त्यांनी दाराचं म्हणणं ऐकलं. ‘की’ पोचली होती, दारानं ती पाहिलीही होती, पण घेत नव्हतं. "आता आतल्याले विचारा लागन," म्हणत ते आपल्या टेबलाशी गेले. माउस हलवला, पडदा उजळला, आणि कालची खिडकी तशीच उघडी होती.

तिथून त्यांनी नकाराचं कारण काढलं. आमच्या फाइली आणि ती यादी राहते ती तिकडची अख्खी जागा कुणीतरी सगळ्यांना सताड उघडी करून ठेवली होती. कुणीही येऊन कींची यादी बदलू शकेल, म्हणून यंत्रानं त्या यादीवर विश्वास ठेवणंच सोडलं होतं.

कटरेसाहेबांनी घसा साफ केला. परसवाड्याच्या पोरांना फोटो टाकायला अडचण येत होती, म्हणून काल त्यांनीच सगळं सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. "अपनेच तो लोग हैं. आपल्यात का पडदा ठेवाचा?" ते म्हणाले.

भाऊ रागावले नाहीत. "तुमचं मन मोठं हाये, साहेब. पन ते यंत्र बालाघाटचं नोहे नं."

एक छोटी ओळ लिहून त्यांनी आमची जागा बंद केली आणि पोरांच्या फोटोंसाठी वेगळी जागा करून दिली. मग मला म्हणाले, "आता तू विचार."

मी आयुष्यात पहिल्यांदा कंप्युटरला मोठ्यानं "येऊ का?" विचारलं आणि बटण दाबलं. आत गेले. सगळ्यांच्या ओरडण्यानं माडी दणाणली, खालून दुकानदार काय पडलं ते बघायला वर आला. पाचच्या आत नकाशा गेला, आणि पुण्याहून उत्तर आलं की पुढच्या हंगामाचं कामही तुम्हीच करा. कटरेसाहेबांनी स्वतःच्या हातानं "हात लावू नये" असा कागद भाऊंच्या कंप्युटरवर चिकटवला. मला तर नाचावंसं वाटत होतं.

जल्लोष भाऊंच्या घरी ठरला. त्यांनी मला किल्ली दिली. "तू चाय मांड, आमी समोसे घेऊन येतो."

मी चहा ठेवला. आलं टाकलं तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. दार मी आमच्या रिवाजाप्रमाणे सताड उघडं टाकलं होतं. तरी कडी दोनदा वाजली.

"येऊ का?"

"या नं भाऊ, चाय झालीच," मी आतूनच म्हणाले.

कुणी आत आलं नाही. मी बाहेर डोकावले. समोशांचा पुडा छातीशी धरून भाऊ उंबऱ्यातच उभे होते. मागे कटरेसाहेब, पण तेही आज घाई करत नव्हते. शेंडेवहिनींना जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ कडी वाजवून कशासाठी थांबतात ते मला तेव्हा कळलं.

"लय दिवसानं आतून कोनी बोललं," भाऊ म्हणाले, आणि चप्पल काढून घरात आले.