बाटली मसाल्यास होस्टिंग मिळविले ती मोहीम

धनीसाहेबांची फर्मायश जाहली की, साष्टी प्रांती कांदिवलीचे गावठाणात क्लॅरिसबाईंनी वेबसाइटचे मुलखात जी स्वारी केली, तिचे साद्यंत वर्तमान तिखटमीठ न लाविता निवेदन करावे. त्यास, मीठ आम्ही लावीत नाही. तिखटाविषयी मात्र इलाज नाही, का की प्रकरणच मसाल्याचे. वर्तमान येणेप्रमाणे.

क्लॅरिसबाईंच्या सासूबाई अपोलीनबाई या बाटली मसाल्याचे कामी जुन्या मातबर. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळवाव्या, कुटणाऱ्या बाया बोलवाव्या, तमाम जिन्नस भाजून, कुटून बियरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरावे आणि मग ती वर्षाची बेगमी गावठाणापासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत सग्यासोयऱ्यांस रवाना करावी, ऐसा शिरस्ता. परंतु या साली गुडघे फितूर जाहले आणि मग अपोलीनबाईंनी मसाल्याची सरदारी सुनेचे हवाली केली, आणि सोबत सक्त ताकीद दिली की, मोसम साधला तर सरदारी कायम, फसला तर माघारी घेऊ. क्लॅरिसबाईंस ती सरदारी जिवापाड हवी होती. लग्न होऊन आल्या दिवसापासून बाईंनी मिरच्यांचे देठ मोडले, बाटल्या धुतल्या, परंतु भाजणीचे कढईपाशी त्यांस कोणी उभे केले नव्हते. हे शल्य त्यांनी कोणास बोलून दाखविले नाही, आम्हांस ठाऊक आहे इतकेच.

गुदस्ता व्हॉट्सॲपवरील कैक ऑर्डरी सुप्रभाताच्या फुलांखाली गाडल्या गेल्या होत्या. सबब क्लॅरिसबाईंनी मसलत केली की, आपली वेबसाइट उभारावी आणि ऑर्डरी तेथेच घ्याव्या. मग वेबसाइटचे नाव खरेदी केले आणि पती जॉनीसाहेब यांनी फतेह जाहली समजोन केक कापविला. केक संपला आणि मग वेबसाइट उघडून पाहतात तो आत काहीच नाही. तेव्हा नणंद फ्लेवियाबाई, ज्या पवईस संगणकाचे कचेरीत चाकरीस, त्यांस पाचारण केले.

"अगं, नाव म्हणजे दारावरची पाटी," फ्लेविया म्हणाली. "घर कुठंय? पाटी काय हवेत लटकवणार?"

"मग घर कुठं मिळतं?"

"त्यालाच होस्टिंग म्हणतात. तुझे फोटो, ऑर्डरी जिथं राहतात ती भाड्याची जागा. कुणाच्या तरी मोठ्या कॉम्प्युटरवर."

हे ऐकोन क्लॅरिसबाईंनी होस्टिंग कंपनीचे हेल्पलाइनवर मोर्चा नेला आणि जागा कितव्या मजल्यावर, पावसात गळते काय, मालक कटकटा तर नाही, ऐसी कसून जबानी घेतली. तो माणूस हैराण होऊन "मॅडम, पावसाचं टेन्शन घेऊ नका" इतकेच वदला. मग फ्लेवियाबाईंनी प्लॅनांचा उलगडा केला. शेअर्ड म्हणजे चाळ, बिऱ्हाडे पुष्कळ आणि नळ एक, भाडे मात्र हलके. व्हीपीएस म्हणजे स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र नळ, परंतु नळ बिघडल्यास पाना आपणच धरावा. क्लाउड म्हणजे पाहुणे वाढतील तैसे नळ वाढावे. जॉनीसाहेबांचा सल्ला पडला की सर्वांत मोठा तो घ्यावा. त्यांची मसलत फ्रिजचे वेळीही हीच होती. क्लॅरिसबाईंनी विचार केला की, गिऱ्हाईक म्हणजे आपला पॅरिश, म्हणजे आपल्या चर्चची मंडळी, आणि काही परदेशी नातलग, त्यांत प्रत्येक जण सालात एकदाच येणार, त्यास चाळ पुष्कळ. फ्लेवियाबाईंनीही मान डोलाविली की, नवख्यास शेअर्ड बस्स. येथेच दगा जाहला.

का की गावठाणाची चाल ऐसी की, मसाल्याची वर्दी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची सामुदायिक प्रार्थना, संपता फादरांचे मुखे द्यावी. त्या रविवारी पहिल्या मिस्सेस फादरांनी वर्दी दिली आणि मग आशीर्वाद घेऊन तमाम पॅरिश पायऱ्यांवर आला आणि एकाच समयी तमाम फोन बाहेर निघाले आणि वेबसाइट गतप्राण जाहली.

"क्लॅरिस, उघडतच नाय गं!" चोहोकडून हाकारा उठला.

"वाट लागली यार," फ्लेविया पुटपुटली.

बाकावर बसल्या अपोलीनबाईंनी फर्माविले की, उद्यापासून ऑर्डरी आपण तोंडी घेऊ, म्हणजे सरदारी माघारी. लोक पांगू लागले. ऑर्डरी आज न आल्या तर मिरची किती भरावी ते कळेना, आणि कुटणाऱ्या बाया दुसऱ्या घरी बोली करून मोकळ्या होतील. क्लॅरिसबाई मदर मेरीचे ग्रोटोमागे, म्हणजे अंगणातील दगडी गुहेमागे, गेल्या आणि खुशाल रडल्या. रडता रडता फोनवरील ते मुर्दाड पान पाहिले आणि मग एकाएकी डोळे पुसून आल्या.

"फ्लेविया, वर्षात माणसं किती ते मी मोजलं. एका टायमाला किती, ते कुठं मोजलं? आपली माणसं सगळी एकदमच बाहेर पडतात ना! तो क्लाउड घे. दुसरी मिस्सा संपायच्या आत."

लागलीच कूच जाहले. फ्लेवियाबाईंनी फोनवर प्लॅन बदलण्याचे पान उघडिले, क्लॅरिसबाईंनी हेल्पलाइन धरून तिकडील सनई-बासरी निमूट ऐकिली, आणि जॉनीसाहेब चपला हाती घेऊन वेदीमागील खोलीत शिरले आणि दुसऱ्या मिस्सेस निघाल्या फादरांस अर्ज गुदरला की, वर्दी पुन्हा द्यावी आणि पहिल्या मिस्सेच्या लोकांसही निरोप धाडावा. आत उपदेश लांबला. पॅरिशचे इतिहासात लांबल्या उपदेशाबद्दल कोणी देवाचे आभार मानिले ते त्या दिवशी क्लॅरिसबाईंनीच. शेवटल्या गीताचे दुसरे कडवे चालू असता हेल्पलाइनवरून खबर आली की, जागा बदलली.

मग दारे उघडली आणि लोक पायऱ्यांवर आले आणि फोन निघाले. वेबसाइट क्षणभर अडखळली, आणि पान उघडले. गावठाणाच्या ऑर्डरी आल्या, बोरिवलीच्या आल्या, आणि दुपारी ऑस्ट्रेलियाच्याही आल्या. अपोलीनबाईंनी हे सारे पाहिले आणि घरी जाऊन जेवल्या.

पुढे कुटणाऱ्या बाया आल्या, अंगणात चूल पेटली, आणि बायांनी शिरस्त्याप्रमाणे अपोलीनबाईंस विचारिले, "माय, मिरची किती भाजायची?"

"मला काय विचारता? तिला विचारा. मसाला तिचा हाय."

क्लॅरिसबाई पुढे जाहल्या. त्यांनी कढईपाशी येऊन झारा उचलिला आणि सरदारीचा पहिला हुकूम सोडिला की, सासूबाईंनी उन्हातून उठून सावलीत बसावे. अपोलीनबाई उठल्या आणि सावलीत जाऊन बसल्या. फतेह जाहली, ती येथे नमूद केली असे.