गंड, गंडा आणि खालचा गाळा

त्या रविवारी तोंड बंद ठेवलं असतं, तर अनिमेष परुळेकरच्या पदरात बरंच काही पडणार होतं. ऋतिका मढवी ही बायको. ठाण्याच्या कोपरीत, स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकून घरातून निघावं इतकं जवळचं सासर. काळुराम मढवींसारखा सासरा, ज्यांच्या वाडवडिलांनी जिथे मीठ पिकवलं तिथे आता इमारती उभ्या होत्या. अधूनमधून चिंबोऱ्यांचं कालवण. आणि गाडी लावायला सावलीतली हक्काची जागा, जी ठाण्यात पीएच.डी.पेक्षा दुर्मिळ आहे. या सगळ्यासाठी भांडवल काय लागणार होतं? एक पिक्चर संपेपर्यंत गप्प बसणं. पण नेमकं तेवढंच अनिमेषकडे नव्हतं.

अनिमेष डोंबिवलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. गेल्या वर्षी त्याने 'चित्रपट आणि मनोविश्लेषण' असा ऑनलाइन कोर्स केला, आणि तेव्हापासून त्याला कुठल्याही पिक्चरमध्ये नायक-नायिका दिसेनासे झाले. दिसायची ती फक्त नेणीव. पडद्यावर कोणी जिना उतरलं की हा म्हणायचा, "बघ, मनाच्या तळाशी चाललाय." मित्रांनी त्याच्याबरोबर पिक्चरला जाणं सोडलं होतं. ऋतिकाने सोडलं नव्हतं, याला प्रेम म्हणतात.

"आमच्याकडे रविवारी जेवण झालं की सगळे मर्डरचा पिक्चर बघतात," तिने आदल्या दिवशीच बजावलं होतं. "आई तुला विचारेल, कसा वाटला. छान म्हणायचं. बाकी तोंड उघडायचं ते खायला."

"आणि काही इंटरेस्टिंग दिसलं तर?"

"तर मला नंतर सांग. लग्नानंतर."

मढवींचं घर तीन मजली. वर काळुराम आणि बायजाबाई, मधल्या मजल्यावर थोरला मुलगा देवेश आणि सून कल्पिता, आणि खाली एक गाळा, कुलूप लावलेला. जेवण उरकून सगळे वरच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर जमले. काळुराम सोफ्यावर आडवे झाले आणि पहिल्या किंकाळीला त्यांनी डोळे मिटले.

"पाय वर घेऊन बस रं पोरा," बायजाबाई म्हणाल्या. "आमचे घरान लाजायचा नाय. जेवल्यावर एक तरी खून लागतोच, नायतर कालवन पचत नाय."

पिक्चर दाक्षिणात्य होता, हिंदीत डब केलेला. गावाबाहेरचा एक बंगला, त्यात अपंग आई, तिचा अबोल मुलगा, आणि बंगल्यात पाऊल टाकणारी प्रत्येक तरुण मुलगी नाहीशी. दोन मुलींपर्यंत अनिमेषने कळ काढली. तिसरी बेपत्ता झाली तसा बायजाबाईंनी पिक्चर थांबवला. अर्ध्यात थांबवून प्रत्येकाने खुनी सांगायचा, असा त्या घरचा रिवाज होता.

"मी सांगते, यो डाक्टर हाय," बायजाबाई म्हणाल्या. "घडीघडी चष्मा पुसतो. काय लपवायचा असला का मानूस चष्मा पुसतो. तू सांग रं पोरा. तू कालेजान शिकवतंस ना?"

ऋतिकाने घाईघाईने अनिमेषपुढे शेंगदाण्याचा लाडू धरला. हे सरळसरळ बूच होतं. अनिमेषने ते बाजूला ठेवलं.

"काकू, खुनी कोण हा प्रश्नच गौण आहे."

मासळी बाजारात उभं राहून मासे गौण आहेत म्हणावं, तसे सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"मंग मोठा काय हाय?"

"मातृगंड."

"गंडा? कसला गंडा?"

"आईशी जोडलेला असतो. मुलगा मोठा होतो, त्याचं लग्न होतं, तरी तो काही सुटत नाही."

"पन हिरो त बनियनवर फिरतोय. दंडाला काय बांधलेला दिसला नाय."

"दिसत नाहीच, काकू. लपलेला असतो. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक मुलाला असतो. कुणी कबूल करत नाही एवढंच."

कल्पिताने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. देवेशने मे महिन्यात फुल बाह्यांचा टी-शर्ट घातला होता.

"तरीच," ती म्हणाली. "आठ दिवस झोपताना पण फुल बाह्या. म्हणे एसी बाधतो. बाही वर कर."

"अगं, पाहुणे बसलेत..."

"वर कर!"

बाही वर गेली. दंडावर काळा दोरा आणि त्यात ओवलेली तांब्याची पेटी.

"आंबिवलीच्या भगताचा हाय," बायजाबाईंनी सांगून टाकलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"कधी बांधला?"

"तू म्हायेरशी आयलीस ना, त्याचे दुसरे दिवशी."

"म्हणजे माझ्यावर उतारा!"

"तुझेवर नाय गो. पोरगा सुकला व्हता."

"एका रात्रीत?"

देवेशने बाही पुन्हा खाली ओढली. अनिमेष घाबरून म्हणाला, "वहिनी, गैरसमज होतोय. गंडा नाही, गंड. मनातला. मी पिक्चरबद्दल बोलत होतो."

"भाऊजी, तुम्ही थांबू नका," कल्पिता म्हणाली. "तुम्हाला सगळं दिसतं. पुढे बोला."

थांबू नका, पुढे बोला! इतक्या वर्षांच्या नोकरीत अनिमेषला एकाही विद्यार्थ्याने असं म्हटलं नव्हतं. ऋतिकाने त्याला चिमटा काढला, पण तोवर तो उभा राहून टीव्हीपाशी पोचला होता. पडद्यावर बंगला स्थिर झालेला होता.

"हे घर नाहीच. हे मन आहे," तो म्हणाला. "तीन मजले बघा. वर आई राहते. हे करू नको, तिकडे जाऊ नको, सतत नियम."

"अगदी बरोबर," कल्पिता म्हणाली.

"मध्ये मुलगा. दोन्हीकडून ओढाताण. त्याचं स्वतःचं असं काही नाहीच."

"शंभर टक्के."

"आणि हा खालचा मजला. कायम बंद, भलंमोठं कुलूप. सगळी खरी गोष्ट तिथे आहे. ज्याला खालचा मजला मिळाला, त्याला अख्खं घर मिळालं!"

काळुराम ताडकन उठून बसले. जमीनमालकाची झोप किंकाळ्यांनी मोडत नाही. 'खालचा मजला मिळाला' एवढ्या शब्दांनी मात्र खडखडीत मोडते.

"खालचा गाला कोनी मागतला?"

"कोणी नाही काका."

"मी आयकला! अजून अक्षता पडल्या नाय न् तलमजल्याला हात घालतंस?"

"काका, तिथे फक्त दडपलेली इच्छा असते."

"म्हंजे हाय इच्छा!"

आता देवेशलाही कंठ फुटला. "बाबा, गाळा मला द्यायचं ठरलंय. जिमसाठी. मी ट्रेडमिल पण सांगून ठेवलीय."

"त्यान सिमेटच्या गोनी हायत. सांगला ना तुना."

"दोन वर्षं? सिमेंटचा दगड झाला असेल आतापर्यंत!"

खरं तर इथे सगळं निवलं असतं. बापलेकांचा हा वाद दर रविवारी व्हायचा आणि चहा आला की मिटायचा. पण अनिमेषला एक वाक्य सुचलं होतं, आणि सुचलेलं वाक्य गिळणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"माणूस कुलूप वस्तूला लावत नाही," तो म्हणाला. "लाजेला लावतो."

बायजाबाईंनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं. काळुराम लुंगीच्या टोकाने चष्मा पुसत होते.

"ओ," बायजाबाई म्हणाल्या, "चष्मा कशाला पुसताव?"

"धूल बसली."

"चावी काडा."

"खाली पाली हायत. वास येतो."

"चावी!"

सगळी वरात जिना उतरली. सगळ्यात मागे अनिमेष. जिना उतरण्याचा अर्थ आता तरी सांगू नये, एवढं त्याला कळलं. ऋतिकाने त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि सासर, कालवण, सावली हे सगळं त्या एका नजरेत मावळताना त्याला दिसलं.

कुलूप निघालं. आत सिमेंटची एक गोणी नव्हती. स्वच्छ पुसलेली फरशी, एक आरामखुर्ची, टेबलफॅन, छोटा टीव्ही आणि खिडकीच्या गजांवर वाळत घातलेले मोठे मोठे रुमाल. काळुरामांनी अपराध्यासारखा दिवा लावला, तसा त्याच बटणावरचा टीव्हीही सुरू झाला. एक नायिका पदर सावरत आगगाडीमागे धावत होती आणि नायक दारातून हात पुढे करत होता.

"ह्ये काय?" बायजाबाईंनी विचारलं.

"पिक्चर."

"कसला?"

"प्रेमाचा," काळुराम म्हणाले. दुसऱ्याच्या शेतातले आंबे चोरल्याची कबुली द्यावी, तसे. "वर रोज मुडदे. मना नाय बगवत. सपनान येतात. म्हनून वर डोले मिटून पडतो न् पतपेढीची मीटिंग सांगून हितं येतो."

"इतकी वरसं कदी बोलला नाय?"

"तुझे हातचा रिमोट सुटला कवा?"

बायजाबाईंनी गजावरचा एक ओला रुमाल चाचपला. मग त्यांनी अनिमेषला पुढे ओढलं. "तुना सगला कलतं ना? तू सांग. घरान बायको असताना लपून रडतात. कोन हाय ह्यांचे मनान?"

अनिमेषपुढे आयुष्यातलं सगळ्यात उत्तम उदाहरण उभं होतं. तीन मजले, कुलूप, दमन, इच्छापूर्ती. कोर्समध्ये सुद्धा इतका चोख नमुना नव्हता. निदान चार परिच्छेद त्याच्या जिभेवर येऊन उभे राहिले. समोर काळुराम होते. त्यांचा चष्मा हातातच राहिला होता, आणि चष्म्याशिवाय त्यांचे डोळे अगदी उघडे, लहान मुलासारखे दिसत होते. ऋतिका अनिमेषकडे बघत नव्हती. ती वडिलांकडे बघत होती.

अनिमेषने चारही परिच्छेद गिळले. खाली जाताना ते टोचले.

"काही नाही हो काकू," तो म्हणाला. "वर उकडत असेल. खाली गार वाटतं, म्हणून बसत असतील."

"एवढाच?"

"एवढंच."

"वर एसी हाय," बायजाबाई म्हणाल्या. त्यांनी आजवर एकही खुनी निसटू दिला नव्हता. "खोटा बोलतंस."

अनिमेषने मान खाली घातली. "हो."

"आतापरत खरा बोललास, त घरान आग लावलीस. आता खोटा बोललास, त ह्यांचे तोंडावर जरा रंग आला." त्या सुनेकडे वळल्या. "कल्पिता, चहा टाक. ह्या पोराचे बापाला तारीख इचारा. घरचे मानसाचा जो झाकतो, तो घरचाच."

तारीख त्याच संध्याकाळी निघाली. अनिमेषला ऋतिका मिळाली, आणि वेळ आली तर हा माणूस खोटं बोलू शकतो ही खात्री ऋतिकाला मिळाली. काळुरामांना गाळा कायमचा मिळाला. फक्त आता तिथे दोन खुर्च्या आहेत, आणि दर गाण्यानंतर दुसऱ्या खुर्चीवरून प्रश्न येतो, "बरा हाय, पन हिला मारनार कोन?" कल्पिताने तो दोरा कापला नाही. तिने आंबिवलीला जाऊन त्याच भगताकडून दुसरा आणला आणि देवेशच्या दुसऱ्या दंडाला बांधला, बरोबरी व्हावी म्हणून.

राहता राहिलं या सगळ्याचं बिल चुकतं करणं. ते देवेशने केलं, ज्याने त्या दुपारी ना सिद्धान्त मांडला, ना खुनी ओळखला. त्याची जिम गेली, पण ट्रेडमिल ठरल्या दिवशी आली. ती मधल्या मजल्यावर, त्यांच्या पलंगाला खेटून उभी आहे. कल्पिता तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालते, आणि देवेश रोज सकाळी त्यांच्या घड्या घालून मगच कामाला जातो.