अर्ध्या ताडाची संमती

२०१७ च्या जानेवारीत आलेल्या सुदर्शन नावाच्या दिग्दर्शकाच्या पत्राला श्यामकांत मास्तरांनी उत्तर दिलंच नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी मास्तरांनी लिहिलेल्या आणि अजूनही वाचल्या जाणाऱ्या ‘अर्धा ताड’ या कादंबरीवर त्याला सिनेमा काढायचा होता. एकच किरकोळ बदल होता : शेवटी मुलगा ताडाच्या शेंड्यावर पोचतो.

किरकोळ! कादंबरीतला मुलगा सगळ्या गावासमोर अर्ध्यातून उतरतो आणि म्हणतो, “मला भीती वाटते.” त्या एका वाक्यासाठी मास्तरांनी दोनशे पानं लिहिली होती.

संतापून त्यांनी अकरा उत्तरं लिहिली आणि फाडली. ‘महोदय’ फार कडक वाटे, ‘प्रिय’ फार लाडिक. तेवढ्यात जवळच्या नरपड गावात शूटिंग सुरू झाल्याची बातमी आली.

“महिनाभरात उत्तर न आल्यास संमती समजू, असं खाली लिहिलंय,” त्यांच्या पत्नी अहिल्याबाईंनी पत्र वाचून दाखवलं. “जन्मभर वर्गावर ओरडलात, एक कार्ड टाकवेना?”

मास्तर रिक्षाने तडक नरपडला गेले. उतरताच शूटिंगवाल्यांपैकी शीतल नावाच्या मुलीने त्यांना धरलं.

“काका, किती लेट! गावचा म्हातारा तुम्हीच ना?”

“मी लेखक–”

“हो हो, आधी कपडे!”

पुढचा शब्द सापडेपर्यंत मास्तरांच्या डोक्यावर टोपी बसली होती.

बालनटाला ताडावर चढता येईना, म्हणून त्याची हाफपँट घालून ताडी काढणारा लहान्या उभा होता. “अ‍ॅक्शन!” होताच तो सरसर अर्ध्यावर गेला.

“उतर खाली!” मास्तर कडाडले. “भीती वाटते म्हण!”

“मना कसला भेव, मास्तर? रोजचा झाड हाय!”

“लहान्या! उतर म्हणतो ना!”

लहान्या एकेकाळी चौथीत त्यांच्याच वर्गात होता. तो मुकाट्याने उतरला आणि मान खाली घालून म्हणाला, “भेव वाटतं.”

“कट! सही!” सुदर्शन धावत आला. “हाच एंड! काका, कुठून सुचलं?”

“कादंबरीचं शेवटचं पान.”

“तिथपर्यंत कोण वाचतं, काका! पण एक लफडं आहे. आपण शेंड्यावर चढायची संमती धरलीय, उतरायची नाही. आता परत विचारावं लागेल, आणि तो लेखक म्हातारा उत्तरच देत नाही.”

मास्तरांनी टोपी काढून परत दिली.

घरी येऊन त्यांनी एका दमात कार्ड लिहिलं : ‘नवा शेवट मान्य. – लेखक म्हातारा.’ मग पेन थबकलं.

“अगं, वर ‘महोदय’ घालू की ‘प्रिय’?”

पण अहिल्याबाई कार्ड घेऊन केव्हाच कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी पोचल्या होत्या.